मोबाईलवर मोजलेला बांध आणि चार सेंटिमीटरचा चौकोन

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी.)

आजच्या विषयाचं नाव जरा जड आहे: वर्तुळाकार ध्रुवीकरणाचे छापील अँटेना. नाव ऐकून पळू नका. कारण हा विषय थेट तुमच्या बांधाशी जोडलेला आहे.

आमच्या तामलवाडीच्या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत जमीन मोजणं हा घरोघरचा विषय झाला. सोलापूर–येडशी रस्ता चौपदरी झाला, त्यावर टोलनाका आला. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव रेल्वेसाठीही जमिनी मोजल्या गेल्या. आता प्रत्येकाच्या फोनमध्ये क्षेत्र मोजायचं एक ॲप असतं. शेताच्या चारी बाजूंनी चालायचं, ॲप सांगतं 'इतके गुंठे'. मग सातबाऱ्यावर एक एकर आणि फोनवर अडतीस गुंठे दिसले की सुरू होतं: "दोन गुंठे शेजाऱ्यानं दाबले!"

त्यानंतर भूकरमापक येतो. त्याच्याकडे काठीवर बसवलेला एक गोल डबा असतो, त्याला रोव्हर म्हणतात. तो म्हणतो, बांध बरोबर आहे. लोक विचारतात, "उपग्रह तेच, शेत तेच, मग आकडा वेगळा कसा? साहेबाला कुणी मॅनेज केलं का?"

या प्रश्नाचं तांत्रिक उत्तर बऱ्याच अंशी अँटेनात आहे. आज तेच समजून घेऊ.

आधी गुंठ्यांचा हिशोब

एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, साधारण १०१ चौरस मीटर. एकर म्हणजे ४० गुंठे. एकराचं शेत अगदी चौरस असेल, तर एक बाजू सुमारे ६३.६ मीटर भरते.

आता समजा एका बाजूचे दोन्ही कोपरे फोननं ३ मीटर आत दाखवले. ६३.६ गुणिले ३ म्हणजे सुमारे १९१ चौरस मीटर. जवळजवळ १.९ गुंठे गायब! कुणी दाबले नाहीत, फक्त ठिपका सरकला.

आणि ३ मीटर ही काही मोठी चूक नाही. अमेरिकन सरकारच्या जीपीएस संकेतस्थळावर मोकळ्या आकाशाखाली स्मार्टफोनची अचूकता साधारण ४.९ मीटर त्रिज्येची दिली आहे. रोव्हर नीट चालत असेल तर एक-दोन सेंटिमीटरपर्यंत जातो. फरक शंभर पटीहून जास्त आहे.

उपग्रह लाट फिरवत का पाठवतो?

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. आपल्या इस्रोच्या नाविकचे उपग्रह तर जवळजवळ ३६,००० किलोमीटरवर आहेत. तिथून निघालेला सिग्नल आपल्यापर्यंत येईतो इतका क्षीण होतो, की एका वॅटचे एकावर सोळा शून्यं इतके भाग करा, त्यातला एखादा भाग अँटेनाला मिळतो. इतक्या कमी शक्तीत काम करायचं, म्हणजे काहीही वाया घालवून चालत नाही.

आता एक दोरी घ्या. एक टोक खांबाला बांधा, दुसरं हातात धरा. हात वर-खाली हलवला की दोरीत उभी लाट जाते. डावी-उजवीकडे हलवला की आडवी लाट जाते. याला रेषीय ध्रुवीकरण म्हणतात, म्हणजे लाट एकाच रेषेत डोलते. आणि दोरीउड्यांसारखा हात गोल फिरवला तर लाट मळसूत्रासारखी फिरत पुढे जाते. हे झालं वर्तुळाकार ध्रुवीकरण.

उभी लाट आडव्या फटीतून जात नाही. तसंच उभ्या लाटेला आडवा अँटेना जवळजवळ पकडतच नाही. उपग्रहानं सरळ रेषेतली लाट पाठवली असती, तर आपल्याला फोन नेमक्या कोनात धरावा लागला असता. शिवाय वाटेत आयनांबर आहे. ते सरळ लाटेची दिशाच फिरवतं, आणि भारतासारख्या विषुववृत्ताजवळच्या भागात त्याची धावपळ जास्त असते. फिरत्या लाटेला या दोन्हीचा त्रास नाही. म्हणून जीपीएस आणि नाविकचे उपग्रह उजव्या हाताच्या मळसूत्रासारखी फिरणारी लाट पाठवतात.

हे तुम्ही घरी बघू शकता. अँड्रॉइडवर जीपीएसटेस्ट नावाचं ॲप आहे. त्यात प्रत्येक उपग्रहाच्या सिग्नलचा जोर आकड्यात दिसतो. अंगणात फोन पाठीवर आडवा ठेवा आणि जागच्या जागी हळूहळू गोल फिरवा. डोक्यावरच्या उपग्रहाचा आकडा फारसा हलत नाही. ती कृपा फिरत्या लाटेची.

आरशातला डावा हात

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. आरशासमोर उजवा हात वर करा, समोरचा माणूस डावा हात वर करतो. फिरत्या लाटेचंही तसंच होतं. पत्र्याच्या शेडवर आपटून परत आली की उजवी लाट डावी होते. ओल्या जमिनीवरून, विहिरीच्या पाण्यावरून उसळली तरी, उपग्रह बऱ्यापैकी वर असेल तर ती बहुतांश डावीच होते.

अशी आपटून आलेली लाट खोटं बोलते. ती लांबच्या वाटेनं येते, म्हणून उशिरा पोचते. जीपीएसचं सगळं गणित वेळेवर आहे: एका सेकंदाच्या एक अब्जाव्या भागाचा उशीर म्हणजे ३० सेंटिमीटरचं जादा अंतर. सरळ आलेली लाट आणि शेडवरून फिरून आलेली लाट एकमेकींत मिसळल्या की रिसीव्हर गोंधळतो आणि ठिपका काही मीटर सरकतो.

उजवा फिरणारा चांगला अँटेना ही डावी लाट दारातच अडवतो. किती अडवतो, हे मोजायला अँटेनावाले 'अक्षीय गुणोत्तर' वापरतात. लाटेचं वर्तुळ किती गोल आणि किती अंडाकृती, याचा तो आकडा. अगदी गोल असेल तर ० डीबी. चालेल अशी हद्द साधारण ३ डीबी धरतात.

३ डीबीचा अँटेना उलट्या लाटेला सुलट्या लाटेच्या सुमारे ३४ पट कमी दाद देतो. १ डीबीचा असेल तर सुमारे ३०० पट कमी. आणि फोनमधला अँटेना? तो बहुतेक वेळा सरळ, रेषीय असतो. त्याला उजवी काय, डावी काय, दोन्ही सारख्याच. उजव्या लाटेतली अर्धी शक्ती तो वाया घालवतो आणि डाव्या लाटेला तितकंच आत घेतो.

फोनचा आणि रोव्हरचा पहिला फरक इथेच पडतो.

तांब्याचा चौकोन फिरती लाट कशी पकडतो?

आता 'छापील' शब्दाकडे येऊ. तामलवाडीच्या टोलनाक्यावरून जाताना गाडीच्या काचेवर जो फास्टॅग असतो, तो जुना झाल्यावर उजेडाकडे धरून बघा. आत धातूची नक्षी दिसेल. तो छापील अँटेना. तार नाही, काडी नाही, पातळ पदार्थावर धातूचा आकार. रोव्हरच्या डब्यात याच कुळातला, पण जाड भाऊ असतो. त्याला पॅच म्हणतात: खाली धातूचा सपाट थर, मध्ये इन्सुलेटर आणि वर धातूचा चौकोन.

चौकोन केवढा? जीपीएसची मुख्य फ्रिक्वेन्सी १५७५.४२ मेगाहर्ट्झ, म्हणजे लाटेची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर. पॅचला अर्धी लांबी पुरते, म्हणजे साडेनऊ सेंटिमीटर. मधला थर साध्या पीसीबीचा, म्हणजे एफआर-४ चा असेल, तर लाट त्यात आखूड होते आणि चौकोन सुमारे साडेचार सेंटिमीटरवर येतो. सिरॅमिक घातलं तर अजून लहान. गाडीच्या ट्रॅकरमध्ये २५ मिलिमीटरचा जो खाकी रंगाचा चौकोनी तुकडा दिसतो, तो हाच.

पण नुसता चौकोन सरळ लाट देतो. फिरती लाट हवी तर दोन सरळ लाटा लागतात. एक लांबीच्या दिशेनं, एक रुंदीच्या. दोघींचा जोर सारखा हवा, आणि एक दुसरीच्या पाव फेरा मागे हवी. पाव फेरा म्हणजे ९० अंश.

हा पाव फेऱ्याचा उशीर आणायच्या दोन रीती आहेत.

पहिली सरळ आहे. चौकोनाच्या दोन बाजूंना दोन वायरी जोडायच्या आणि एका वायरीची वाट पाव लाटेनं लांब करायची. लाट गोल येते आणि फ्रिक्वेन्सी थोडी हलली तरी टिकते. पण जागा जास्त लागते आणि जादा वाटेत थोडी शक्ती मुरते.

दुसरी रीत हुशारीची. वायर एकच, पण चौकोनाचे समोरासमोरचे दोन कोपरे थोडे कापायचे. त्यामुळे एक कर्ण आखूड होतो. आता जत्रेतले दोन झोके डोळ्यांसमोर आणा, एक जरा आखूड दोरीचा, एक जरा लांब. दोघांना एकाच ठेक्यात ढकला, आणि तो ठेका दोघांच्या स्वाभाविक ठेक्यांच्या मधला असू द्या. आखूड झोका तुमच्या ठेक्याच्या थोडा पुढे राहतो, लांब झोका थोडा मागे. कापलेल्या पॅचमध्ये एक कर्ण ४५ अंश पुढे, दुसरा ४५ अंश मागे. बेरीज ९०. लाट फिरायला लागली! कुठले दोन कोपरे कापले यावर ती उजवी फिरणार की डावी, हे ठरतं. चुकीचे कोपरे कापले तर अँटेना नेमका खोट्या लाटेलाच दार उघडतो.

याची किंमत मात्र आहे. दोन झोक्यांचा मेळ ठेक्याच्या अगदी छोट्या पट्ट्यातच जमतो. पातळ थराच्या एका वायरीच्या पॅचमध्ये लाट गोल राहते तो पट्टा साधारण एक टक्का असतो. १५७५ चा एक टक्का म्हणजे सुमारे १६ मेगाहर्ट्झ. आता बघा, साडेचार सेंटिमीटरच्या चौकोनात अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला की फ्रिक्वेन्सी जवळजवळ १७ मेगाहर्ट्झ सरकते. एफआर-४ चा विद्युत गुणांक ४.४ ऐवजी ४.५ निघाला तरी तेवढंच. म्हणून स्वस्त बोर्डावर छापलेला पॅच सिम्युलेशनमध्ये झकास दिसतो आणि प्रत्यक्षात लाट अंडाकृती देतो. त्यामुळे मोजणीच्या अँटेनात चांगलं मटेरियल, अनेकदा दोन किंवा चार वायरी, आणि वेगळ्या फ्रिक्वेन्सीसाठी एकावर एक पॅच अशी रचना करतात. डब्याची किंमत इथे वाढते.

या विषयावर जगभर वापरलं जाणारं एक पुस्तक आपल्या मुंबईत लिहिलं गेलंय, हे सांगायलाच हवं. आयआयटी मुंबईचे प्रा. गिरीश कुमार आणि त्या वेळी मुंबईच्या समीर संस्थेत असलेले के. पी. रे यांचं 'ब्रॉडबँड मायक्रोस्ट्रिप अँटेनाज', २००३ सालचं. हा अरुंद पट्टा रुंद कसा करायचा, हाच त्याचा गाभा आहे, आणि वर्तुळाकार ध्रुवीकरणाला त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. प्रा. कुमार यांचा अँटेनावरचा एनपीटीईएल कोर्स फुकट आहे. बीटेकवाल्यांनो, बघाच.

मग फोनमध्ये तोच अँटेना का नाही?

कंजूषपणा म्हणून नाही. तीन कारणं आहेत.

एक, जागा. फोनमध्ये ४जी-५जी, वायफाय, ब्लूटूथ, एनएफसी, सगळ्यांचे अँटेना दाटीवाटीनं बसलेत. धातूच्या कडेवर ज्या बारीक प्लास्टिकच्या रेषा दिसतात ना, त्या याचसाठी. कडेचे तुकडे करून त्यांनाच अँटेना बनवलंय. पंचवीस मिलिमीटरचा चौकोन आणि चार मिलिमीटर जाडी कुठून आणणार?

दोन, आपण फोन कसाही धरतो. पॅचनं आकाशाकडे बघायला हवं. फोन खिशात उभा, हातात तिरका, टेबलावर पालथा. रोव्हरला काठी आणि पाण्याचा बुडबुडा असतो, म्हणून तो नेहमी वर बघतो.

तीन, टॉवरशी बोलायला फिरत्या लाटेची गरज नाही. टॉवरवरचे अँटेना बहुतेक ४५ अंश तिरक्या दोन सरळ लाटा वापरतात. तिथे भिंतीवर आपटून आलेली लाटही कामाची, कारण कॉलला आवाज पोचल्याशी मतलब, वाट किती लांब होती याच्याशी नाही. जीपीएसला मात्र वाटेची लांबीच हवी असते. एकाच फोनमध्ये दोन उलट गरजा आहेत, आणि फोन बनवणारा जास्त वापराच्या बाजूनं झुकतो.

"भाऊ, सॉफ्टवेअरनं दुरुस्त करा की"

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे हा प्रश्न मला हमखास येतो. एका कोपऱ्यावर हजार वेळा मोजा आणि सरासरी काढा. चूक इकडे-तिकडे विखुरलेली असेल तर सरासरी चालते. पण शेडवरून येणारी लाट दहा मिनिटं त्याच बाजूनं येत राहते, कारण उपग्रह आकाशात हळू सरकतो. हजार वेळा तीच चूक मोजली तर सरासरी चूकच येणार.

अजून एक बारकावा. आयनांबरामुळे किंवा उपग्रहाच्या घड्याळामुळे येणारी चूक पाच-दहा मिनिटांत चारी कोपऱ्यांवर साधारण सारखीच असते. सगळं शेत नकाशावर थोडं सरकतं, पण क्षेत्रफळ फारसं बदलत नाही. परावर्तनाची चूक प्रत्येक कोपऱ्यावर वेगळी असते. एका कोपऱ्यावर शेड, दुसऱ्यावर विहीर, तिसऱ्यावर काहीच नाही. म्हणून गुंठ्यांच्या हिशोबात सर्वात जास्त घोळ तीच घालते, आणि तिला आधी अडवायचं काम अँटेनाचं आहे.

रोव्हरची करामत नुसत्या अँटेनाची नाही, हेही खरं. तो १९ सेंटिमीटरच्या लाटेचा फेरासुद्धा मोजतो आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कायमच्या केंद्रांकडून दुरुस्ती घेतो. अशी ७७ कॉर्स केंद्रं महाराष्ट्रात आहेत. पण लाट स्वच्छ आली तरच फेरा मोजता येतो. २०१४ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनमधल्या संशोधकांनी फोनच्या दर्जाचा अँटेना घेऊन सेंटिमीटरची अचूकता काढून दाखवली. त्यात सर्वात मोठा अडसर काय निघाला? अँटेना परावर्तित लाट नीट अडवत नाही, हाच.

फोन सुधारतायत, हे मात्र नक्की. २०१८ च्या शाओमी एमआय ८ पासून फोनमध्ये दुसरी फ्रिक्वेन्सी आली: एल-५, म्हणजे ११७६.४५ मेगाहर्ट्झ. नाविकही तीच वापरतं. एल-५ चा संकेत दहापट बारीक असल्यामुळे उशिरा आलेली लाट त्यात वेगळी ओळखता येते. जे अँटेनाला दारात जमत नाही, ते काही प्रमाणात आत जमतं.

तर मग करायचं काय?

फोनवरचं क्षेत्र अंदाजासाठी बिनधास्त वापरा. बियाणं किती, फवारणीचं पाणी किती, ट्रॅक्टरवाल्याला किती एकराचे पैसे द्यायचे, यात एखादा गुंठा इकडे-तिकडे चालतो. मोजताना शेड, ट्रॉली आणि भिंतीपासून दूर राहा. फोन आडवा धरा, पडदा आकाशाकडे ठेवा, प्रत्येक कोपऱ्यावर मिनिटभर थांबा. कोपरा शेडला लागूनच असेल तर तिथला ठिपका संशयास्पद धरा. दोन वेगळ्या दिवशी, वेगळ्या वेळी मोजा. तेव्हा उपग्रह वेगळ्या जागी असतात आणि परावर्तनही बदलतं. दोन आकड्यांत जेवढा फरक येईल, निदान त्याच्या निम्मी तरी चूक एका मोजणीत आहेच.

पण हद्दीचा वाद असेल तर तो आकडा पुरावा म्हणून पुढे करू नका. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा आणि मोजणीची 'क' प्रत घ्या. मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा. रोव्हर पत्र्याच्या शेडला किंवा दाट झाडाला खेटून धरला असेल, तर "साहेब, इथं सिग्नल नीट फिक्स झालाय का?" असं विचारा. चांगला अँटेनासुद्धा अडलेल्या आकाशाखाली चुकू शकतो, आणि हा प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

आणि शेजाऱ्याशी भांडण करण्याआधी फोनवरच्या दोन गुंठ्यांच्या फरकाला ३ मीटरचा हिशोब लावून बघा. फरक तेवढ्यातच बसत असेल, तर बांध जागेवर असण्याचीच शक्यता जास्त.

पुढच्या भागात एल-५ चा बारीक संकेत नेमका काय असतो ते सोपं करून सांगतो. तोवर अंगणात फोन फिरवायचा प्रयोग करा. तुमच्या फोनचं मॉडेल आणि आलेले आकडे पाठवा, पुढच्या भागात वाचून दाखवू. भेटू!